बाबांच्या फर्लोच्या अर्जावर माझा पत्ता द्यावा का?

माणदेशची_लेक

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या, कारण हे मी अजून कुणालाच सलग सांगितलेलं नाही.

मी बावीस वर्षांची. मूळची जत तालुक्यातली. नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून पाच महिन्यांपूर्वी पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, एक उदगीरची आणि एक बीडकडची. माझे वडील गुजरातला ट्रकवर असतात असं दोघींना मी सांगितलं आहे. ते गुजरातला नाहीत. कोल्हापूरला कळंब्याच्या जेलमध्ये आहेत. ३०२, जन्मठेप.

२०१२ च्या ऑगस्टची गोष्ट. मी चौथीत होते. पाऊस नव्हता, पेरण्या गेल्या होत्या, आणि फूटभर बांधावरून भावकीत भांडण झालं. त्यात बाबांचे चुलतभाऊ गेले. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची. हे आधीच लिहिते, कारण नंतर लिहिलं तर लपवल्यासारखं वाटेल. तिचे वडील गेले आणि माझे आहेत, हे मी एकही दिवस विसरलेली नाही.

त्याच आठवड्यात आई आम्हा दोघा बहीणभावाला घेऊन मामाकडे आली, कवठेमहांकाळ तालुक्यात. गावच्या घराला तेव्हापासून कुलूप. आई द्राक्षबागेत कामाला जाते, मामाच्या घरात राहते, आणि मामाच्या घरात राहणारी बहीण जेवढं बोलते तेवढंच बोलते.

आतापर्यंत बाबांच्या प्रत्येक फर्लोला, म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या सुट्टीला, जामीनदार मामा होता आणि पत्ता मामाचा होता. गावचा पत्ता पोलीस मान्य करत नाहीत, शेजारीच त्या लोकांचं घर आहे, आणि ते बरोबरच आहे. यंदा मामाच्या मुलीचं लग्न बघताहेत. मामा फोनवर म्हणाला, "पाहुणे यायच्या टायमाला हवालदार दारात नको. आता तू कमावती आहेस, सज्ञान आहेस, तू सही कर."

मामावर माझा राग नाही. तेरा वर्षं त्यानं आम्हाला पोसलं.

पण मी सही केली तर पत्ता माझा जाईल. म्हणजे खोलीवर पोलीस चौकशीला येणार, घरमालकीण काकूंना विचारणार. बाबा २८ दिवस राहणार कुठे, हजेरीला जाणार कोणत्या ठाण्यात, हे सगळं इथं पुण्यात उघडं होणार. चार वर्षं होस्टेलपासून आजपर्यंत मी जे जपलं ते एका सहीत संपणार. आणि सही नाही केली तर यंदा ते येणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाप आहे, कर की सही. म्हणून थोडं आधीचं सांगते.

लहानपणी मुलाकातीला जायचो तेव्हा मध्ये काच आणि कानाला फोन. भावाचा हात फोनपर्यंत पुरायचा नाही. एकदा जेलमध्ये मुलांसाठी गळाभेट ठेवली होती. भाऊ सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. मी चौदा वर्षांची झाले होते, मला कळेना कसं बसायचं. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं. पुढच्या वेळी आईनं विचारलं तेव्हा कळलं की मी आता मोठी झाले, ते लहान मुलांसाठी असतं.

नववीत असताना शेजारच्या काकू कोल्हापूरहून अंबाबाईचा लाडू घेऊन आल्या. तो प्रसादाचा लाडू तेव्हा कळंब्याचे कैदी वळायचे. बाबा त्याच कामावर होते, मुलाकातीला त्यांनी सांगितलं होतं. काकूंनी लाडू दिला, भाऊ तोंडात टाकायला निघाला तर आईनं त्याचा हात धरला. मग तिनं लाडवाचे चार तुकडे केले, मोठा आजीला दिला, एकेक आम्हाला दिला, आणि स्वतःचा तुकडा पदराच्या गाठीत बांधून ठेवला. काकूंना वाटलं, भाविक बाई आहे.

मग करोना आला. मे २०२० मध्ये सरकारनं नियम बदलून तातडीचा पॅरोल दिला. बाबा आधीच्या दोन्ही सुट्ट्यांवरून वेळेत परत गेले होते, त्यामुळे त्यांना मिळाला. आधी ४५ दिवस, मग ३० दिवस, मग परत ३०, असं करत करत जवळजवळ दोन वर्षं ते घरी राहिले. मी त्यांना खरं ओळखायला लागले ती तेव्हा, सतराव्या वर्षी. ते दाराशी येऊन थांबायचे. दार उघडंच असायचं, नुसतं लोटलेलं, तरी थांबायचे, कुणीतरी उघडेपर्यंत. रात्री दिवा घालवला की उठून बसायचे. बरॅकमध्ये रात्रभर दिवा असतो. मग आम्ही सगळे दिव्यातच झोपायला शिकलो. माझी बारावी ऑनलाइन, मोबाइल एक, रेंज फक्त लिंबाखाली. ते माझ्यासाठी लिंबाखाली पाट टाकून द्यायचे आणि तास संपेपर्यंत कोंबड्या हाकत बसायचे. बारावीची परीक्षाच रद्द झाली, तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं.

नर्सिंगच्या होस्टेलवर मला सोडायला बाबाच आले होते. माझी पेटी डोक्यावर घेऊन तीन जिने चढले. आणि तीन-चार महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, सगळ्यांनी परत हजर व्हा असा आदेश आला तेव्हा मी त्यांना सोडायला गेले. एसटीनं कोल्हापूरला. आईला ताप होता. गेटवर त्यांनी माझ्याकडून पिशवी घेतली आणि म्हणाले, "जा, शेवटची गाडी चुकेल." तिथंच दुसऱ्या एका कैद्याच्या बायकोकडून कळलं की पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. म्हणजे आमची ती दोन वर्षं पुढे जोडली गेली. २०२६ ला चौदा भरली असती, ती आता २०२८ ला भरतील.

भाऊ एकोणीसचा आहे. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं रोज पहाटे सोळाशे मीटर पळायचा. गेल्या महिन्यात कुणीतरी सांगितलं की बाप जेलात असला की पोलिसात घेत नाहीत. बूट उचलून माळ्यावर टाकले. शाळेत कुणाशी साधी झटापट झाली तरी मास्तर म्हणायचे, "बापावर गेलाय." आता ते तो स्वतःच म्हणतो.

मी मात्र सगळ्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय: शेती' लिहिते. सातबाऱ्यावर अजून त्यांचं नाव आहे, त्यामुळे ते खोटं नाही, असं मी स्वतःला सांगते.

माझा पत्ता देऊ का? ज्यांनी दिला आहे, त्यांचं पुढे काय झालं?

---

वायरमन_नाशिक

ताई, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी आता एकेचाळीसचा आहे. जामीनदार व्हायची वेळ माझ्यावर आली नाही, पण लपवण्याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो.

माझे वडील, आम्ही दादा म्हणायचो, १९९९ ला आत गेले. मी तेव्हा दहावीत जाणार होतो. ते पक्के कैदी झालेच नाहीत, केस चालेपर्यंत पाच वर्षं कच्चे म्हणूनच राहिले, आणि २००४ मध्ये निर्दोष सुटले. देशात आजही दर चार कैद्यांत तीन कच्चे असतात. म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही अशा माणसांची पोरं आपल्या शाळा-कॉलेजांत मान खाली घालून बसलेली असतात.

अकरावीच्या फॉर्मवर मी दादांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. का लिहिलं? सोपं वाटलं. बाप मेलेल्या पोराकडे लोक मायेनं बघतात, बाप जेलात असलेल्याकडे वेगळं बघतात. दोन महिन्यांनी फी-सवलतीच्या अर्जाच्या वेळी खिडकीतले क्लार्क म्हणाले, "वडिलांचा मृत्यूचा दाखला जोड." अगदी चांगल्या सुरात म्हणाले. मी हो म्हणालो, बाहेर आलो, आणि परत त्या कॉलेजात गेलो नाही. वायरमनच्या हाताखाली लागलो. घरी सांगितलं की शिक्षणात मन लागत नाही.

खरी शिक्षा पुढे आहे. दुकानात सगळ्यांना मी तेच सांगून ठेवलं होतं, वडील नाहीत. दादा सुटून आले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझा डबा घेऊन दुकानात आले. मालकांनी विचारलं, कोण रे हे? मी म्हणालो, चुलते आहेत, गावाकडून आलेत. दादा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांनी मान हलवली, डबा ठेवला, निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, आणि दारातूनच मालकांना म्हणाले, "पुतण्याचा डबा आणलाय." पुढची दोन वर्षं ते तसंच म्हणत राहिले. घरी एका शब्दानं त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. ते २०१७ ला गेले. तेव्हा मी मालकांना पहिल्यांदा खरं सांगितलं, सुतक पाळायचं होतं म्हणून.

तू सही कर की नको, हे मी सांगणार नाही. पण 'गुजरात' तू किती वर्षं चालवणार आहेस त्याचा हिशोब कर. बाबा २०२८ ला किंवा त्यानंतर कधीतरी कायमचे बाहेर येणार. त्या दिवशी ते तुझ्या दारात उभे राहिले तर तू त्यांना काय म्हणणार? आधी एका माणसाला सांग. दोघींना एकदम नको, काकूंना नको. एकीला सांग आणि आठ दिवस जाऊ दे.

आणि भावाचं ते 'बापावर गेलाय'. मलाही ते चिकटलं होतं. लग्नानंतर एकदा बायकोवर आवाज चढला आणि मी घाबरून गच्चीवर जाऊन बसलो, की हे दादांचं रक्त आहे. दादा तर निर्दोष होते! त्यांनी काही केलंच नव्हतं, तरी मी त्यांच्या रक्ताला घाबरत होतो. त्याला माझा हा अनुभव वाचून दाखव.

---

काळी_माती

माझा मोठा भाऊ असाच बांधावरून गेला. ज्यानं मारलं तो वर्षाला घरी येतो, जत्रेच्या आसपास, आणि त्या दिवसांत माझी वहिनी पाण्याला जायची वाट बदलते. त्यामुळे फर्लो हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. तुझ्या वडिलांना सुट्टी मिळावी असं मी म्हणू शकत नाही, ते माझ्याकडून होणार नाही.

पण तू नऊ वर्षांची होतीस. बाकावरच्या मुलीचं आधी लिहिलंस, म्हणून उत्तर देतोय. गावाचा पत्ता न देता लांब पुण्याचा दिलास, तर त्या घरावरही उपकारच होतील. त्या बाजूनंही विचार कर.

---

उंबरठा_५८

मी समाजकार्यात आयुष्य घालवलेली बाई, निवृत्तीला आले आहे. जेलच्या गेटबाहेर बसलेल्या कुटुंबांबरोबर पंचवीसेक वर्षं काम केलं. लेकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच देशील, पण त्याआधी काही गोष्टी स्पष्ट असू देत. अर्धवट माहितीवर घाबरण्यात फार पोरांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

महाराष्ट्रात रजेचे नियम वेळोवेळी बदलत आलेले आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. संचित रजेवर माणूस वेळेत परतला तर ते दिवस शिक्षेतच मोजतात. पॅरोलचे मोजत नाहीत. गेटवर तुला सांगितलं ते खरं होतं. म्हणून यंदाच्या २८ दिवसांनी बाबांची शिक्षा एका दिवसानंही लांबणार नाही.

जामीनदाराबद्दल लोकांच्या मनात मोठी भीती असते. कैदी वेळेत परतला नाही तर जामीनदाराला आत टाकत नाहीत, बंधपत्रात लिहिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. रक्कम किती ते सही करण्यापूर्वी वाच, आणि तेवढी आपल्याला झेपेल का ते बघ. तुझे बाबा दोन वर्षं बाहेर राहून स्वतःच्या पायांनी परत गेलेले आहेत. हे अर्जासोबत लिहून दे, त्याला वजन असतं.

पोलीस यायच्या आधी घरमालकिणीला तू सांग. हवालदारांकडून कळणं आणि तुझ्याकडून कळणं यात फार फरक आहे. आणि त्यांची वाट न बघता ठाण्यात स्वतः जा, भाडेकरार आणि ओळखपत्र घेऊन. नकाराचा अहवाल गेला तर तिथं थांबू नकोस. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला आणि कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करता येतो.

एक कटू गोष्ट आत्ताच सांगते, २०२८ ला धक्का बसायला नको. चौदा वर्षं भरली की आपोआप दार उघडत नाही. जन्मठेपेच्या अशा गुन्ह्यात प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सुटकेचा विचारच करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे फाइल शासनाकडे जाते आणि गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे किती वर्षं ते ठरतं. तारीख भिंतीवर लिहून ठेवू नका.

आता भावाचं. बूट माळ्यावरून खाली काढायला सांग, आजच. नेमणुकीच्या वेळी साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीचा फॉर्म, भरून घेतात. त्यात आईवडिलांची नावं, पत्ते, व्यवसाय असतो. अटक, खटला, शिक्षा हे प्रश्न असतात ते उमेदवाराच्या स्वतःबद्दल. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग खटल्यात पडताळणीच्या फॉर्मबद्दल सविस्तर निकाल दिला, तोही उमेदवारानं स्वतःबद्दल काय सांगितलं आणि काय दडवलं यावर आहे. बापाच्या शिक्षेमुळे मुलगा अपात्र ठरत नाही. मात्र त्यानं स्वतः कुठं हाणामारीत नाव येऊ देऊ नये, आणि फॉर्मवर जे असेल ते खरं लिहावं.

माझ्या मनात वर्षानुवर्षं सलत आलेली एक गोष्ट आहे. बालसंगोपन योजनेत तुरुंगातल्या पालकांची मुलंही बसतात, आता महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण अठरा पूर्ण झाली की ते बंद. गळाभेट तर त्याच्याही आधी संपलेली. आणि ज्या दिवशी हे सगळं संपतं त्याच दिवशी पोरगं बापाचा जामीनदार व्हायला पात्र ठरतं! तोवर त्याला कुणी विचारलेलं नसतं की तुला काय हवंय. अठरा ते पंचवीस या वयाकडे बघायला कुणीच बसलेलं नाही. नोकरी, लग्न, घरभाडं, सगळं याच वयात येतं, आणि प्रत्येक ठिकाणी वडील काय करतात हा प्रश्न पहिला असतो.

लंडनमध्ये १९५३ च्या सुमारास जन्मलेल्या ४११ मुलग्यांचा मोठेपणापर्यंत माग काढलेला एक जुना अभ्यास आहे. ज्यांचे आईवडील मृत्यूमुळे किंवा आजारपणामुळे दुरावले त्यांच्यापेक्षा, ज्यांचे लहानपणी तुरुंगात गेले ते मुलगे पुढे जास्त अडचणीत सापडले. पुढे तशीच तुलना स्टॉकहोमच्या त्याच वयाच्या मुलांशी केली. तिथं आईवडिलांची गुन्हेगारी हिशोबात धरल्यावर, तुरुंगाचा वेगळा असा परिणाम उरला नाही. अभ्यासकांनी सुचवलेली कारणं अशी की तिथले तुरुंग कुटुंबाला धरून चालणारे, घराला सरकारी आधार, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर कमी कठोर. रक्ताचं म्हणाल तर लंडनच्या आणि स्टॉकहोमच्या पोराचं रक्त सारखंच. नाशिकच्या भाऊंनी गच्चीवर बसून जी भीती काढली तिच्यावर माझं एवढंच म्हणणं आहे.

मुंबई-पुण्याकडे कुटुंबांसाठी प्रत्यक्ष माणूस हवा असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून याच कामात आहे.

शेवटी एक विचारते. तू मामाचं लिहिलंस, आईचं, काकूंचं, भावाचं लिहिलंस. बाबांना विचारलंस का, त्यांना पुण्याला यायचंय का?

---

माणदेशची_लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांची उत्तरं आईला फोनवरून वाचून दाखवली. काळी_माती दादांचं सगळ्यात आधी. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खरं लिहिलंय त्यानं." मीही तेच म्हणते. तुमच्या वहिनींची पाण्याची वाट माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी बीडच्या मैत्रिणीला सांगितलं. नाइट संपवून आलो होतो, ती चहा टाकत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एकदा वापी म्हणायचीस, एकदा अंकलेश्वर. आम्हाला वाटायचं त्यांनी तुम्हाला सोडलंय, म्हणून विचारत नव्हतो." इतके दिवस त्या दोघी माझं खोटं माझ्यासाठी सांभाळत होत्या.

काकूंनी दोन दिवस मागितले. मग वर येऊन म्हणाल्या की पोलीस आले तर मी चांगलंच सांगेन, पण पोरींच्या खोलीत पुरुषमाणूस महिनाभर नको. त्यांचं बरोबर आहे. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं तर त्यांनी हडपसरला एक खोली दाखवली, एका महिन्यासाठी, साडेसहा हजार. आई पण येणार आहे. बागेतून सुट्टी मिळेल तितके दिवस.

उंबरठा ताई, तुम्ही विचारलं ते खरंच मी विचारलं नव्हतं. ई-मुलाकातीला, म्हणजे जेलच्या व्हिडिओ कॉलवर, विचारलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं नाही म्हणतील. मग विचारलं, "तुझी ड्युटी किती वाजता असते?" मी म्हटलं, सकाळची असली की सातला. म्हणाले, "मग पाचला उठून डबा मी करीन. तिथं शंभर माणसांचं करतो."

भाऊ परत पळायला लागला आहे. अजून काही बोलत नाही, पण आई सांगते की बूट दारात असतात.

अर्ज गेला आहे. ठाण्यात मी स्वतः गेले होते, युनिफॉर्मवरच, ड्युटीवरून सुटून. साहेबांनी बसायला सांगितलं, भाडेकरार बघितला, आणि एक कागद पुढे केला. त्यात 'बंद्याशी नाते' असा रकाना होता. तिथं 'मुलगी' लिहिलं. बरोबर पेन चालेना, म्हणून तो शब्द दोनदा गिरवावा लागला.

आता अहवाल यायचा आहे. रजा मिळालीच तर २८ दिवसांत करायच्या कामांची यादी करते आहे. डोळे तपासायचे आहेत, दोरीनं बांधलेला जुनाच चष्मा अजून वापरतात. बँकेचं खातं बंद पडलंय ते चालू करायचं आहे. आणि इथे कुणाला माहीत असेल तर सांगा: त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर २०१२ च्या आधीचा आहे, कधीच बंद झालेला. पुण्यातल्या आधार केंद्रात माझा नंबर लावून मिळेल का, की त्यासाठी जतलाच जावं लागतं?